सुलूच्या वाटणीचा आशीर्वाद

मी एक जुना बाक आहे, मित्रांनो, पण माझ्यावर कोणी बसत नाही. मी आहे बुटका. तुमच्या शाळेतल्या बाकाशेजारी मला ठेवलं तर तुम्ही हसाल. माझ्यावर माणसं गुडघे टेकतात आणि देवाशी बोलतात. माझ्या पाठीवर दोन ठिकाणी लाकूड जरा खोलगट झालं आहे, ती गुडघ्यांची जागा. ती कोणा सुतारानं कोरलेली नाही, रोजच्या प्रार्थनेनं झिजून झालेली आहे.

बाक होण्याआधी मी होडीची फळी होतो. उत्तनच्या बाजूला, समुद्राला लागून असलेल्या एका पाड्यात इनास नावाचा ख्रिस्ती कोळी राहायचा. एकदा त्याची होडी खडकावर आपटली आणि फुटली. इनास पोहत किनाऱ्याला लागला. दुसऱ्या दिवशी भरतीनं मलाही तिथंच आणून टाकलं. लोक म्हणाले, "चुलीत घाल रं, बरी पेटंल." इनासनं काही ऐकलं नाही. त्यानं मला खांद्यावर घेतलं आणि थेट पंढरीनाथ सुताराकडं नेलं.

"झक्कास सागवान हाय," पंढरीनाथ माझ्यावर बोटं वाजवत म्हणाला. "जेवायला पाट करू दोन?"

"पाट नको. गुडघं टेकायला कायतरी कर. हिच्यावर उभं राहून लई फुशारकी मारली मी. आता जरा वाकतो."

असा मी बाक झालो. खिळ्यांची भोकं पंढरीनाथानं मेणानं बुजवली, चार आखूड पाय लावले, आणि मी इनासच्या घरात आलो. तिथं भिंतीवर छोटा आल्तार होता. आल्तार म्हणजे काय, तर एक लाकडी फळी. तिच्यावर क्रूस, मारियामायची मूर्ती आणि मेणबत्ती. त्याच्या खाली माझी जागा.

त्या घराची एक रीत होती, ती तुम्हाला सांगायलाच हवी, कारण माझी सगळी गोष्ट त्या रीतीपाशी अडकलेली आहे. दिवेलागणीला सगळं घर एकत्र बसून रोझरी म्हणायचं. रोझरी म्हणजे मणी ओढत म्हणायची प्रार्थना. तिचे भाग असतात आणि प्रत्येक भाग घरातल्या एकेकानं पुढं होऊन सांगायचा असतो. शेवटी घरातली मुलं एकेक करून माझ्यावर गुडघे टेकायची आणि वडीलधाऱ्या माणसाला म्हणायची, "आशीर्वाद दे." मग ते माणूस उजव्या अंगठ्यानं मुलाच्या कपाळावर छोटासा क्रूस काढायचं. संपली रीत.

पण तिच्यात एक मेख होती. आशीर्वाद मागितल्याशिवाय द्यायचा नाही. दिवसभर कितीही मस्ती करा, मडकी फोडा, भावंडांच्या झिंज्या ओढा. संध्याकाळी येऊन मागितलात की मिळणार. तो कमवायचा नसतोच. पण मागायचा मात्र तुम्हीच. तुमच्या तोंडानं.

इनास गेल्यावर हा मान त्याच्या बायकोकडं, ब्रिजितबायकडं आला. तिला दोन मुलं. थोरली आंजेलीन आणि धाकटा पास्कोल. आंजेलीन म्हणजे घरातलं वादळ. शेजारणीच्या सुकत घातलेल्या बोंबलांवर पाय देऊन पळायची आणि संध्याकाळी सगळ्यांत आधी माझ्यावर येऊन धपकन गुडघे टेकायची. "दे गो आय, आशीर्वाद दे!" ब्रिजितबाय डोळे वटारायची, आणि अंगठा पुढं करायची.

सन १९८७ मध्ये पास्कोलचं लग्न झालं. मुलगी जुन्या भाईंदरची, गोवर्धन कोळ्याची लेक, नाव सुलू. ती हिंदू घरातली. दोघांनी एकमेकांना पसंत केलं होतं. सुलूनं स्वतःच्या मनानं बाप्तिस्मा घेतला. गोवर्धन थोडे दिवस रुसला. मग एक दिवस हलवा माशांची पाटी घेऊन आला आणि ब्रिजितबायला म्हणाला, "माजी पोर बोलत न्हाय फार. तिला भूक लागली तरी सांगायची न्हाय. तुमीच वाढा."

ब्रिजितबाय म्हणाली, "वाढीन की."

बाप्तिस्म्याच्या दिवशी मी चर्चमध्ये नव्हतो. पण ब्रिजितबायनं घरी येऊन आल्तारापुढं पुन्हा पुन्हा आनंदानं सांगितलेलं मी ऐकलं आहे. फादरनी सुलूच्या डोक्यावर पाणी ओतलं आणि म्हणाले, "आजपासून तू देवाची लेक. जे त्याचं, ते तुझं. तू या घरची वारस." सुलूनं मान खाली घालून 'आमेन' म्हटलं. तिला वाटलं, हे शब्द सगळ्यांनाच म्हणत असतील. लग्नात भटजी मंत्र म्हणतात तसे.

मग तिची घरातली पहिली संध्याकाळ आली. ब्रिजितबाय चुलीपाशी नारळाचं दूध काढत होती. पाहुणी आलेली आंजेलीन, पास्कोल, शेजारच्या दोन बायका, सगळे आल्तारासमोर जमले. सुलू माझ्याजवळ येऊन उभी राहिली. कुठं बसावं ते तिला कळेना. तेवढ्यात आंजेलीन हसत म्हणाली, "अगो सुलू, तू नवी हायस. तू आपली दाराशी बस! आधी सगळं तोंडपाठ कर, मंग म्होरं ये!"

सगळे हसले. सुलूही हसली. आणि जाऊन दाराशी बसली.

एवढंच झालं, मित्रांनो. आंजेलीनच्या मनात वाईट काही नव्हतं. मासळीबाजारात बायका एकमेकींना याहून तिखट बोलतात आणि लगेच पान खातात. पण सुलू बोलणारी नव्हती, आणि न बोलणाऱ्याच्या मनात गेलेला शब्द बाहेर यायला वाट शोधत नाही.

ब्रिजितबाय हात पुसत आली. सून दाराशी बसलेली पाहून तिला वाटलं, लाजत असेल. रोझरी झाली. आंजेलीननं आशीर्वाद मागितला, पास्कोलनं मागितला. ब्रिजितबायनं दाराकडं पाहिलं. सुलू उठली होती आणि चटया गुंडाळत होती. ब्रिजितबायचा अंगठा थोडा वेळ तसाच हवेत राहिला. मग तिनं तो पदराला पुसला आणि आत गेली.

त्यानंतर रोज हेच. रोझरीत सुलूचा भाग यायचा तेव्हा ती खाली बघायची आणि पास्कोल चटकन तिचा भाग स्वतः म्हणून टाकायचा. त्याला वाटायचं, आपण बायकोची अडचण वाचवतोय. सगळ्या प्रार्थना तिला सहा महिन्यांतच पाठ झाल्या होत्या. मला ठाऊक होतं, कारण मला पुसताना ती त्या हळूच म्हणायची. दर शनिवारी ती खोबरेल तेल घेऊन बसायची. माझे पाय, माझ्या कडा, खिळ्यांची बुजवलेली भोकं, सगळं ती बोटानं चोळून चकचकीत करायची. एकदा घराला आशीर्वाद द्यायला आलेले फादर म्हणाले, "हा बाक कोण ठेवतं एवढा छान? आमच्या चर्चमध्येसुद्धा असा नाही!" सुलूचे कान लाल झाले. ती म्हणाली, "आयचा हाय तो."

माझं एवढं कौतुक दुसऱ्या कोणी कधी केलं नाही. पण इतकी वर्षं जिनं मला तेल लावलं, तिचे गुडघे एकदाही माझ्यावर टेकले नाहीत.

पुढं रुचिता झाली. ती दोन वर्षांची असताना तापानं फणफणली. सुलू तिला मांडीवर घेऊन बसली होती. पोरीचे ओठ कोरडे पडलेले.

"आय, तुम्ही सांगा ना देवाला," ती म्हणाली.

"तू सांग गो. आईचं तो आधी ऐकतो."

"नको आय. तुमचंच ऐकतो तो."

ब्रिजितबायनं तिच्याकडं पाहिलं. तिला वाटलं, हिचा अजून विश्वास नाही बसलेला. हिचं मन माहेरच्या देवळात असेल, जबरदस्ती कशाला करायची? आणि सुलूला म्हणायचं होतं, माझा काय हक्क? मी तर दाराशी बसणारी. ब्रिजितबाय माझ्यावर वाकली आणि प्रार्थना करू लागली. ताप उतरला. सुलूनं सगळ्या पाड्याला सांगितलं, "आमच्या आयचं देव ऐकतो."

रुचिताला झोपवताना ब्रिजितबाय एक ओवी म्हणायची. ती तिनं स्वतःच रचली होती.

*बापाचं गो घर मोटं, दार उगडं ठेयलेलं,*
*कवाची मी वाट बघं, पाऊल न्हाय आयलेलं.*

*पोरी तुजं ताट मांडं, वरी झाकण घातलेलं,*
*निवलं तरी तुजं हाय, न्हाय कुनी खाल्लेलं.*

पोर झोपून जायची. ओवी मात्र चालूच राहायची, जरा मोठ्यानं, स्वयंपाकघरात ऐकू जाईल अशी. आत सुलूच्या हातातली पळी थांबायची. मग पुन्हा फिरायची. तिला वाटायचं, आय नातीसाठी गाते.

पहाटे घर निजलेलं असताना ब्रिजितबाय एकटी माझ्यावर यायची. "देवा, तिला वाटू दे एकदा," ती पुटपुटायची. "एकदा मागू दे. मी काय कमी केलं रं?" मला सगळं ठाऊक होतं, मित्रांनो. या बाजूचंही आणि त्या बाजूचंही. पण लाकडाला वाचा नसते. त्या वर्षांत मला पहिल्यांदा वाटलं, आपण होडीच राहिलो असतो तर बरं. निदान एका काठावरचं माणूस दुसऱ्या काठावर नेऊन सोडलं असतं.

१९९३ मध्ये पास्कोलनं मीरा रोडला, शांती नगरात घर घेतलं. त्याला अंधेरीला नोकरी लागली होती आणि पाड्यातून जाणं-येणं जमत नव्हतं. एक खोली, स्वयंपाकघर आणि दारापुढं पाटाएवढी गॅलरी. आल्तार भिंतीला ठोकला. पण त्याच्या खाली सोफा आला आणि माझी रवानगी गॅलरीत झाली. माझ्यावर कांद्याची टोपली ठेवली, तिच्याशेजारी रॉकेलचा डबा. इमारतीत पाण्याचा टँकर आला की सगळे धावायचे आणि जाताना मला लाथ लागायची. ब्रिजितबायचे गुडघे आता वाकत नव्हते. ती पलंगाच्या कडेवर बसूनच रोझरी म्हणायची. कधी लाइट गेलेली, कधी पाणी आलेलं. रोझरी आखूड होत गेली.

शेजारच्या नीलम भाभींनी एकदा मला पाहिलं. "सुलूभाभी, ये चप्पल का स्टँड है क्या? मेरे को दे दो ना, काम आएगा."

"नहीं हो," सुलू घाईनं म्हणाली. "ये प्रार्थना का है. हमारे सासूबाई का."

तिनं टोपली उचलली, मला पदरानं पुसलं आणि टोपली पुन्हा ठेवली. दुसरीकडं जागाच नव्हती.

१९९७ च्या पावसाळ्यानंतर ब्रिजितबायला झटका आला. उजवी बाजू गेली. वाचाही गेली. तोंडातून फक्त 'आ... आ' एवढंच निघायचं. सुलूनं तिचं सगळं केलं. अंग पुसणं, पेज भरवणं, कूस बदलणं. कधी कपाळाला आठी नाही. ब्रिजितबाय डोळ्यांनी तिच्या मागं मागं फिरायची आणि डावा हात उचलून काहीतरी खुणावायची. सुलू पाणी आणून द्यायची, पंखा लावायची, चादर ओढायची. ब्रिजितबाय डोळे मिटून घ्यायची. ते नव्हतं तिला हवं.

एका रविवारी दुपारी आंजेलीन आली. आता तिचे केस पिकले होते, पण तोंड तसंच होतं. ती आईच्या पायाशी बसून रडली, नाक शिंकरलं आणि म्हणाली, "आता मी कुनाकडं आशीर्वाद मागू गो? आयचा अंगठाच हालत न्हाय."

सुलू चहा ओतत होती.

"तू तरी मागायचा होतास, सुलू," आंजेलीन म्हणाली. "हात चालत होता तवा. आय लई वाट बघायची तुझी."

"माझी?"

"मंग? मी आले की हेच. सुलू कधी मागंल, सुलू कधी मागंल. मी म्हणायची, तिला नसंल पटत, सोड. तर माझ्यावरच उखडायची."

सुलूनं किटली खाली ठेवली. "आंजेलीनबाय, तो माझ्यासाठी पण होता?"

"अगो, म्हणजे काय? या घरची न्हाय तू?"

"तुम्हीच म्हणाला होता, दाराशी बस म्हणून."

"मी? कधी?"

"पहिल्या दिवशी. तोंडपाठ झालं की मग पुढं ये, म्हणालात."

आंजेलीन आठवू लागली. खूप वेळ आठवत राहिली. तिला काहीच आठवलं नाही. "अगो, मस्करी केली असंल मी!" ती म्हणाली. तिचा आवाज फाटला. "सुलू, माझ्या जिभेला काय हाड हाय का? मस्करी केली असंल गो! तू त्याच्यावर दहा वर्षं दाराशी बसलीस?"

सुलूनं पदर खोचला. ती उठली आणि गॅलरीत आली. तिनं कांद्याची टोपली खाली ठेवली. काही कांदे घरंगळत नीलम भाभींच्या दाराकडं गेले. तिनं पाहिलंसुद्धा नाही. मला उचलून पलंगाशी आणून ठेवलं. माझ्यावर कांद्याची सालं होती, रॉकेलचा वास होता. तिनं मला पुसलं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिला माझी काळजी घ्यायला वेळ नव्हता.

तिनं माझ्यावर गुडघे टेकले.

मित्रांनो, इनासचे गुडघे दगडासारखे होते आणि आंजेलीनचे टणाटण उडणारे. सुलूचे त्या खोलगट जागेत अलगद बसले. ती म्हणाली, "आय, मला आशीर्वाद द्या."

ब्रिजितबायनं डोळे उघडले. तिच्या तोंडातून 'आ' निघाला, मग आणखी एक. तिनं डावा हात उचलला आणि त्या हातानं स्वतःच्या उजव्या हाताला ढकललं. तो निर्जीव हात चादरीवर जरासा सरकला आणि पडला. सगळ्यांचे डोळे त्याच्यावर होते. आंजेलीननं तोंडात पदर कोंबला.

मग सुलूनं तो हात उचलला. दोन्ही हातांनी, जपून. बोटं एकेक करून मिटली आणि अंगठा मोकळा ठेवला. तो अंगठा तिनं आपल्या कपाळावर टेकवला आणि वरून खाली नेला. मग डावीकडून उजवीकडं. क्रूस वाकडाच आला. ब्रिजितबायच्या डाव्या डोळ्यातून पाणी वाहून कानात गेलं. उजव्या डोळ्यातून काही येत नव्हतं.

"हे माझं होतं ना, आय?" सुलू म्हणाली. "सुरुवातीपासून माझंच होतं?"

ब्रिजितबायनं मान हलवली. एवढी जोरात, की उशी सरकली.

तेवढ्यात पास्कोल दूध घेऊन आला. दारातच थांबला. संध्याकाळची वेळ झाली होती. सुलू माझ्यावरून उठली नाही. आल्तार समोरच होता. तिनं वर बघून रोझरी सुरू केली, पहिला भाग स्वतः सांगत. एकही शब्द अडला नाही. रुचिता आईच्या तोंडाकडं बघतच राहिली. आईला प्रार्थना येतात हे तिला माहीतच नव्हतं.

त्या दिवसापासून रोज संध्याकाळी सुलू तो हात उचलायची. पण संध्याकाळी फार उरल्या नव्हत्या. नाताळच्या आधीच ब्रिजितबाय गेली.

मातीच्या दिवशी घर माणसांनी भरलं. प्रार्थना कोणी सांगायची, असं कोणीतरी विचारलं. सगळ्यांनी पास्कोलकडं पाहिलं. आंजेलीन पुढं झाली आणि म्हणाली, "सुलू सांगंल. आयच्या घरचं तिचं हाय." सुलूनं प्रार्थना सांगितली. शेवटी मुलं आशीर्वाद मागायला रांगेत उभी राहणार, तोच ती स्वतःच उठली आणि एकेकाच्या कपाळावर क्रूस काढत गेली. रुचिताच्या, शेजारच्या पोरांच्या, पास्कोलच्या, सगळ्यांत शेवटी पिकल्या केसांच्या आंजेलीनच्या.

"अगो, मी मागितला कुठं?" आंजेलीन रडत रडत म्हणाली. "मागितल्याशिवाय द्यायचा नसतो."

"ते राहू द्या आता," सुलू म्हणाली. "मागायला उशीर होतो माणसाला."

सोफा विकला गेला आणि मी पुन्हा आल्ताराखाली आलो. सुलू मला अजून तेल लावते. पण पूर्वीसारखा शनिवारचा नेम नाही, आठवेल तेव्हा. मला त्याचं वाईट वाटत नाही. रोझरी संपते, पास्कोल टीव्ही लावतो, रुचिता अभ्यासाला बसते. सुलू मात्र कधी कधी माझ्यावरच थांबते. तोंडानं काही म्हणत नाही. तिचे गुडघे जड होत जातात आणि मला कळतं, ती गेलेल्या संध्याकाळी मोजते आहे. तिला देवाची लेक होऊन किती वर्षं झाली होती! सगळं तिच्या नावावर होतं. तिनं फक्त ते घेतलं नव्हतं.

मित्रांनो, मी लाकडाचा बाक. मला धर्मातलं फार कळत नाही. पण माझ्यासारखी एखादी वस्तू तुमच्या घरात कांद्याखाली, पुस्तकांच्या गठ्ठ्याखाली पडली असेल, तर तिला बाहेर काढा. आणि तुम्हाला कोणी सांगितलं असेल की देव तुमचा बाप आहे, तर त्याच्या घरात पाहुण्यासारखे वावरू नका. अजून पाठ झालं नाही, अजून शहाणे झालो नाही, म्हणून खोळंबू नका. जे तुमचं आहे ते आजच मागून घ्या. देव वाट पाहून थकत नाही, हे खरं. पण तो देतो माणसांच्या हातांनी, आणि माणसांचे हात म्हातारे होतात.